अक्काच्या अल्बममधली माणसं

अक्काचा फोन आला तेव्हा मी ब्लाउजच्या बाह्या कापत होते. "माझा तो अल्बम तुझ्याकडेच आहे ना गं?" तिनं विचारलं आणि माझा हात जागच्या जागी थांबला. आहे, म्हटलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. आबा गेल्यावर घर आवरलं, तेव्हा तो अल्बम मी तिच्यादेखत उचलून धुळ्याला आणला होता.

"मग पुढच्या रविवारी जळगावला घेऊन ये. इथल्या एका मुलींच्या शाळेत बोलायला बोलावलंय मला. त्यांना जुने फोटो पडद्यावर दाखवायचेत. हेलिकॉप्टरपाशी उभी आहे ते फोटो हवेत, जसे असतील तसे. पोरींना तेच बघू दे."

मी नुसतं हो हो करत राहिले. फोन ठेवला आणि बघते तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापून ठेवलेल्या. तीस वर्षं शिवणकाम करतेय मी, इथल्या देवपूर भागातल्या निम्म्या बायका माझ्याकडचे ब्लाउज घालतात. असली चूक मी शिकाऊ असतानाही केली नव्हती.

झालं होतं असं की त्या अल्बममधले ग्रुप फोटो आता ग्रुप फोटो राहिले नव्हते. त्यातली पोरं मीच एकेक करून कापून काढली होती, माझं लग्न ठरायच्या वर्षी. आणि अक्काला हे कळलेलं नाही, किंवा कळलं असलं तरी तिनं मनावर घेतलेलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता रविवारी तो अल्बम तिच्या पुढ्यात उघडायचा होता. सख्खं म्हणावं असं मला तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ती उठून जा म्हणाली असती तर मी कुठे जाणार होते?

अक्का हवाई दलात हेलिकॉप्टर चालवायची. मुलींना वैमानिक म्हणून घ्यायला लागले त्या अगदी सुरुवातीच्या काही मुलींमधली ती. आमच्या नात्यागोत्यात तोवर एकाही बाईनं साधी स्कूटर चालवली नव्हती. मूळ गाव एरंडोलजवळचं, पण आबा वरणगावच्या फॅक्टरीत कामगार म्हणून लागले आणि आम्ही दोघी तिथल्या क्वार्टरमध्येच वाढलो. फॅक्टरीच्या भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. अक्का कॉलेजात एनसीसीत होती. पेपरातली जाहिरात तिनं स्वतःच कापून ठेवली आणि परीक्षा देऊन आल्यावर मग घरात सांगितलं. निवड झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी आबांनी आख्ख्या लाइनीत पेढे वाटले. आई चुलीपाशी बसून म्हणाली, "पोर उडी जाई, मंग तिले करी कोन?"

आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते त्यांना फार छान जमायचं.

पहिल्या सुट्टीला येताना अक्का तो अल्बम घेऊन आली. काळी जाड पानं, मध्ये बटरपेपर, फोटोच्या चारी कोपऱ्यांना चिकटवायचे ते चंदेरी त्रिकोण. दर सुट्टीला ती नवे फोटो आणायची, दुपारी जमिनीवर फतकल मारून ते लावायची, खाली पांढऱ्या पेन्सिलीनं जागेचं नाव लिहायची. अल्बम मात्र घरीच ठेवायची, कारण तो आबांना हवा असायचा. तो त्यांच्या कपाटात, त्यांच्या पगाराच्या कागदांशेजारी असे. ओल्या हातानं कुणी शिवलं तर घर डोक्यावर घ्यायचे.

तिची सगळी नोकरी त्यात होती. हैदराबादजवळच्या अकादमीतली ती, कापलेल्या केसांची, ढगळ कपड्यांतली, ओळखूच न येणारी. पहिल्यांदा एकटीनं उड्डाण केलं त्या दिवशीची, डोक्यावरून पाणी ओतलेली, दात दाखवत हसणारी. मग पहिलं पोस्टिंग. मग डोंगर, बर्फ, आणि हेलिकॉप्टरच्या चाकाशी बसून डब्यातली पोळी खाणारी ती. पुरात अडकलेल्या माणसांना गच्चीवरून उचललं तेव्हाचे दोन फोटो. एकात एक म्हातारी तिचा हात सोडायला तयार नाही. आणि मध्येमध्ये उगाचचे, घरगुती म्हणावेत असे: बूट न काढता खाटेवर झोपलेली, एका लंगड्या कुत्र्याला आंघोळ घालणारी, खोलीला स्वतः शिवलेला पडदा लावणारी. तो पडदा एका बाजूला चार बोटं आखूड होता. त्यावरून मी तिला पुढे कितीतरी वर्षं चिडवलं.

बहुतेक फोटोंत तिच्याभोवती पुरुष असायचे. असणारच. तिथे दुसरं होतं कोण? दहा-बारा तरणीताठी पोरं, कुणी मिशीवाला, कुणी गॉगल लावलेला, कुणी शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकलेला, आणि मध्ये माझी बहीण. आबा हे सगळं येईल त्याला दाखवायचे. दूधवाला, पोस्टमन, फॅक्टरीतले साहेब, कुणी सुटला नाही. "आमची पोर हाई," म्हणायचे, आणि बोट नेमकं तिच्यावर ठेवायचे, जणू बारा मिशांमध्ये ती दुसऱ्या कुणाला ओळखू आली नसती.

मग मला बघायला माणसं यायला लागली. थोरली अजून बिनलग्नाची आणि धाकटीचं बघताय, हा प्रश्न यायचाच. अक्कानं सांगून टाकलं होतं, माझ्यासाठी थांबू नका. मला त्या काळात तिचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा, दोन्ही एकदम. सगळ्या घराचं कौतुक ती घेऊन गेली होती. माझ्या वाट्याला शिवणाचा डिप्लोमा आणि चहाचा ट्रे. मला लग्न करायचं होतं. स्वतःचं घर हवं होतं, जिथे भिंतीवर हेलिकॉप्टरचं कॅलेंडर नसेल.

आमच्याकडे पाहुणे आले की पोहे-चहानंतर अल्बम हातात देतात. बोलणं खुंटलं की बायका पानं उलटतात, हा कोण, ती कोण विचारतात, आणि विचारता विचारता घराचं सगळं वळण काढून घेतात. अमळनेरहून एक स्थळ आलं होतं. आईनं आधीच आमच्या मावशीच्या लग्नाचा अल्बम टेबलावर ठेवला होता. पण आबा उठले आणि कपाटातून अक्काचा घेऊन आले. मुलाच्या आत्याबाईंनी चष्मा लावला. एका पानावर त्या थांबल्या आणि बोट ठेवून मोजायलाच लागल्या. "अकरा माणसं, आनि त्यामा एक पोर!" असं म्हणून त्यांनी मुलाच्या आईकडे पाहिलं. आबा कौतुकानं हसले. त्यांना ती स्तुती वाटली.

आठवड्यानं नकार आला. मुलगी चांगली आहे पण, असा. त्या 'पण'च्या पुढचं आम्हाला मध्यस्थाकडून कळलं. आई कणीक मळता मळता रडली. "बठ्ठा गावमा व्हई आते," म्हणाली, आता गावभर होणार. आबांना नकाराचं कारण कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर ते अमळनेरला जाऊन भांडून आले असते. आणि अल्बम लपवला असता तर त्यांनी तो शोधून काढला असता. महिन्याभरात धुळ्याचं स्थळ येणार होतं.

म्हणून मग मी कात्री घेतली.

आबा ड्यूटीवर असताना दोन दुपारी बसून मी ते काम उरकलं. कापडाच्या कात्रीनं कागद कापू नये, धार जाते, हे शिवणाच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात. मी कापला. एकेक फोटो त्या चंदेरी कोपऱ्यांतून अलगद काढायचा, अक्का आणि हेलिकॉप्टर एवढं राखायचं, बाकीचं उडवायचं, कडा सरळ आणायची आणि पुन्हा लावायचा. ती मध्येच उभी असेल तिथे दोन्ही बाजू कापायच्या. हात सराईत होता, कापलंय असं पटकन कळतही नव्हतं. एका फोटोत तिच्या खांद्यावर कुणाची तरी तीन बोटं राहिली. ती मी चंदेरी कोपऱ्याखाली दडवली. चेहऱ्यांकडे मी बघितलंच नाही. बघत बसले असते तर काम झालं नसतं.

दुसऱ्या दुपारी आई आत आली. खाली पडलेल्या पट्ट्या तिनं बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि तिनं अडवलं नाही. मी त्या चुलीत टाकायला निघाले तेव्हा मात्र हात धरला. "जित्ता माणूसना फोटो जाळू नको, वंगाळ व्हस." मग मी त्या एका खाकी पाकिटात भरल्या आणि माझ्या साड्यांच्या पेटीत तळाशी टाकल्या. तीच पेटी पुढे माझ्याबरोबर धुळ्याला आली.

आबांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. मी तयारच होते. मोठे फोटो पानात नीट बसत नव्हते, अक्कानंच मला पत्रात लिहिलंय कापून लाव म्हणून, असं ठोकून दिलं. त्यांनी थोडं विचारलं, मी थोडं आणखी खोटं बोलले, आणि ते 'बरं' म्हणाले. धुळ्याची माणसं आली, त्यांनी अल्बम चाळला आणि लग्न ठरलं.

लग्नाला अक्का चार दिवसांची रजा काढून आली. दुसऱ्या दिवशी मांडवाची धांदल चालू असताना तिनं कपाटातून अल्बम काढला. मी हळदीच्या साडीत समोरच बसले होते, उठता येत नव्हतं. ती एकेक पान उलटत गेली. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबली. मग अल्बम बंद केला, जागच्या जागी ठेवला आणि मांडवात जाऊन दिव्यांच्या माळा बांधायला लागली. सुटले एकदाची, असं मला वाटलं. खरंच एवढंच वाटलं.

त्यानंतर तिनं नवे फोटो आणले नाहीत. रजा कमी झाल्या. आली तरी दोन दिवस. आबा काही विचारायचे, ती साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं उत्तर द्यायची. मोठी नोकरी, जबाबदारी, आम्ही म्हणायचो. बायकांना कायम ठेवून घ्यायची सोय तेव्हा नव्हती, चौदा-पंधरा वर्षांनी ती हवाई दलातून बाहेर पडली आणि खासगी कंपन्यांची हेलिकॉप्टरं चालवत राहिली. घरी यायला वेळ होता तेव्हाही आली नाही. आधी आई गेली, मग आबा. आबांच्या वेळी ती तीन दिवस राहिली. रडली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता, हेही कबूल करते. लग्न तिनं केलंच नाही. अलीकडे जळगावला फ्लॅट घेऊन राहायला आली, तेव्हापासून आम्ही दोघी पुन्हा बहिणींसारख्या वागायला लागलो होतो. एकमेकींकडे जायचं, भरीत-पुरी करायची, गुडघ्यांच्या तक्रारी सांगायच्या. आणि त्यात हा फोन.

ते आठ दिवस मी माणसात नव्हते. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचे आणि लिहायला विसरायचे. भाजीत मीठ दोनदा. घरात या खोलीतून त्या खोलीत. शेवटी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पेपर वाचत होता. "म्हणजे आमच्यासाठी कापले होतेस?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "मला तर नुसतं हेलिकॉप्टर बघायचं होतं. तू पानं भराभर उलटत होतीस म्हणून वैतागलो होतो मी." आणि पुन्हा पेपर. त्या क्षणी तो पेपर फाडून टाकावासा वाटला मला.

पाकीट सापडलं. पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीखाली, जसंच्या तसं. कापायच्या टेबलावर सगळ्या पट्ट्या पसरल्या. पस्तीस-चाळीस माणसं होती. कुणाचा अर्धा कान अक्काच्या बाजूला राहिलेला, कुणाचा बूट. कोण कुठल्या फोटोतला हे काही केल्या लागेना. मिशा सगळ्यांना सारख्याच. मग मी माणसं सोडली आणि सावल्या बघायला लागले. सावली कुठल्या बाजूला पडलीय, जमीन सिमेंटची की गवताची, मागे तारेचं कुंपण आहे का. कापडाची नक्षी जुळवावी तसं जुळवत गेले. तीन दुपारी त्यातच गेल्या. गिऱ्हाइकं येऊन परत गेली.

जुळवलेले दोन फोटो घेऊन आग्रा रोडवरच्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं ते कॉम्प्युटरवर घेतले, म्हणाला, "ताई, कापलेलं कुणाला कळणारसुद्धा नाही." खरंच नाही कळलं. रेघ गेली. पण त्याच्याबरोबर पोरांचे चेहरे साबणासारखे गुळगुळीत झाले, एकाला खांदा नव्हता त्याला नवा खांदा आला, आणि अक्काच्या पुढच्या दोन दातांमधली फट बुजली. "ही माझी बहीण नाही," मी म्हटलं. तो म्हणाला, छान दिसताहेत की. मी इतक्या मोठ्यानं बोलले की बाहेरची माणसं आत डोकावली. त्याची काही चूक नव्हती. मीच आले होते खुणा बुजवायला. फोटो उचलून घरी आले आणि मागून कागदी पट्टी लावून सगळे स्वतः जोडले. रेघा दिसत होत्या तर दिसू दे.

शेवटच्या पानावरचा फोटो सगळ्यात शेवटी राहिला. त्यात गणवेश नव्हता, हेलिकॉप्टर नव्हतं. कसल्यातरी इमारतीच्या पायऱ्यांवर अक्का साध्या सलवार-कमीजमध्ये बसलेली आणि तिचा हात पुढे गेलेला, हातात बशी. कप कापला गेला होता. बशीला जुळणारी पट्टी शोधली. कप त्या पट्टीवर होता, एका पोराच्या हातात. सावळा, किडकिडीत, मिशी नाही. बाकीच्या सगळ्या फोटोंत पोरं कॅमेऱ्याकडे बघत होती. हा अक्काकडे बघत होता. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले तेव्हा दिसलं, तीही त्याच्याकडेच बघत होती. तीस वर्षं ती त्या पानावर शून्यात बघत बसलेली होती आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तो फोटो मी दोनदा जोडला, कारण पहिल्यांदा वाकडा लागला.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघाले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. अल्बम मांडीवर घेऊन मी काय बोलायचं ते जुळवत होते आणि प्रत्येक वेळी सुरुवात 'आई म्हणाली होती' अशीच व्हायची. मेलेल्या आईवर ढकलणं सोपं होतं. जळगावला उतरेपर्यंत तेवढं मात्र मी मनातून काढून टाकलं.

अक्कानं पोहे केले होते. मी ते न खाताच अल्बम पुढे ठेवला. तिनं चष्मा चढवला आणि पहिलं पान उघडलं. बोट त्या रेघेवरून फिरवलं. दुसरं पान, तिसरं. "अरे," ती म्हणाली, "हे सगळे आले कुठून?" आणि भराभर उलटत शेवटच्या पानावर गेली.

मी सांगून टाकलं. अमळनेरची आत्याबाई, कात्री, पाकीट, सगळं एका दमात. "मी कापले होते अक्का. माझं लग्न जमावं म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू?"

"मीच."

"म्हंजे आबा नही?"

तीस-बत्तीस वर्षांत तिच्या तोंडून घरचं बोलणं मी ऐकलं नव्हतं. इंग्रजी, हिंदी, नाहीतर पुस्तकातल्यासारखं मराठी. मी म्हटलं, "आबा कशाला कापतील? ते तर मिरवत होते तो अल्बम."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळूहळू, शब्द शोधत बोलली. कप धरलेला तो पोरगा तिच्याबरोबरचा वैमानिक. केरळकडचा. दोघांचं ठरलं होतं. घरी सांगायचं कसं, ते तिला कळेना. हजार फुटांवरून गच्चीवर उतरणारी बाई, आणि आबांपुढे तोंड उघडेना. म्हणून माझ्या लग्नाआधीच्या दिवाळीला तिनं तो फोटो शेवटच्या पानावर एकटाच लावला. आबा अल्बम रोज उघडतात, विचारतील हा कोण, मग सांगू. त्या सुट्टीत आबांनी विचारलं नाही. पुढच्या वेळी, माझ्या लग्नाला, ती आली तर पानावर तो पोरगा नव्हता.

"आबांच्या कपाटातला अल्बम," ती म्हणाली. "दुसरं कोण हात लावणार होतं? मला वाटलं, हे त्यांचं उत्तर. त्याला कळवून टाकलं, घरचे नाही म्हणतात."

"मग विचारायचं होतंस!" मी ओरडलेच. "भांडायचं होतंस आबांशी!"

"तू विचारलं होतंस मला? कापू का म्हणून?"



ती म्हणाली, त्याचं लग्न झालं, नातू आहे आता, दिवाळीला मेसेज येतो. त्याचं तिला फारसं काही वाटत नाही, वाटलं ते तेव्हाच वाटून गेलं. "पण आबांशी मी सोळा वर्षं धड बोलले नाही. ते फोन करायचे, मी 'हो', 'नाही', 'ठेवते'. शेवटी दवाखान्यात त्यांनी माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला." तिनं आपला उजवा हात बघितला आणि मांडीखाली घातला.

एक गोष्ट मी अजून सांगितली नव्हती. ती तशीच गिळून टाकता आली असती. बसमध्ये तसं ठरवलंही होतं.

"आबांनी विचारलं होतं," मी म्हटलं. "मला. कापल्यावर."

"काय?"

"शेवटला पानवरला पोऱ्या कोठे गया, म्हणून. बाकी कुणाचं विचारलं नाही. मी म्हटलं, अक्कानंच काढायला सांगितलं."

"मग?"

"मग म्हणाले, चांगला दिखे तो पोऱ्या. तिनीच काढा, म्हनजे काहीतरी व्हयनं व्हई. तिले इचारू नको. तिना जीवले लागी." तिनं स्वतःच काढला म्हणजे काहीतरी झालं असणार, विचारून तिचा जीव दुखवू नको, असं त्यांचं म्हणणं.

अक्का उठली. खिडकीपाशी गेली, परत आली, खुर्ची धरून उभी राहिली. "परत सांग," म्हणाली. मी परत सांगितलं. तिनं ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि तिसऱ्या वेळी ती रडली, आबा गेले तेव्हाही रडली नव्हती ती. मी जवळ गेले तर हातानं थांबवलं. "तू जा आता. आज मला तुझं तोंड बघवत नाही." मी चपला घातल्या. पोह्यांची बशी तशीच होती. जिना उतरताना मला वाटत होतं, मागून हाक येईल. आली नाही.

त्याला आता दीड महिना होतो आहे. मधे तिचा एकच फोन आला. शाळेतलं बोलणं झालं म्हणाली. फोटो दाखवले, रेघांसकट. एका मुलीनं विचारलं, मॅडम या रेघा कसल्या, तर तिनं सांगितलं, घरी कापले होते. पोरी हसल्या नाहीत, असं म्हणाली. मी फोन घट्ट कानाला लावून उभी.

"आबा अजून काही म्हणाले होते का गं त्याच्याबद्दल?" तिनं विचारलं. "एखादं वाक्य. नीट आठव. आठवलं की मला फोन कर."

मी आठवतेय. मशीन चालवताना, भाजी निवडताना, रात्रंदिवस आठवतेय. आबा त्यानंतर त्या पोराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांना मी बोलूच दिलं नाही, असा घाईनं विषय बदलला होता. रोज दुपारी वाटतं, त्यांच्या तोंडी एखादं चांगलंसं वाक्य घालावं आणि तिला फोन करावा. त्यांची बोली मला येते. तिला ते वाक्य हवंय, आणि थापा मारणं मला कधीच अवघड गेलेलं नाही. चार-पाच वाक्यं तर तयारही आहेत. फोन मात्र मी अजून केलेला नाही.